छपराखालची द्राक्षे

महाशिवरात्र जवळ आली की कन्नडच्या बाजारात द्राक्षांचे गाडे दिसू लागतात. माल बहुतेक नाशिककडचा असतो. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या भागातून निघून तो येवला, वैजापूर करत इथवर आलेला असतो. गिऱ्हाईक भाव विचारते, एक मणी तोंडात टाकते आणि पिशवी पुढे करते. हीच द्राक्षे आपल्या शिवारात पिकली असती तर याहून स्वस्त मिळाली असती, असे त्या वेळी बहुतेकांच्या मनात असते. मका आणि आले घरच्या शिवारात पिकवणाऱ्या तालुक्याला तसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

द्राक्षाच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा निघतो. पिशोर, चापानेर किंवा हतनूरच्या एखाद्या शेतकऱ्याने बाग लावली आणि पावसापासून वाचवण्यासाठी तिच्यावर छप्पर घातले, तर त्याची द्राक्षे शे-दीडशे किलोमीटरवरून आलेल्या द्राक्षांपेक्षा महाग पडतील. गिऱ्हाईक त्याला म्हणेल, भाऊ, तुमचे तर शेतच इथे आहे, मग एवढा भाव कशाचा? हा प्रश्न गंभीरपणे घेण्यासारखा आहे. एखाद्या फळाची किंमत नेमकी कशाची बनलेली असते, याचे उत्तर त्यात दडलेले आहे.

आधी अंतराचा हिशेब करून टाकू. दीड टन माल घेऊन एक पिकअप निफाडहून कन्नडला आली आणि तिचे भाडे चार-पाच हजार रुपये धरले, तर किलोमागे तीनेक रुपये पडतात. शेत शेजारी असल्याने वाचतात ते एवढेच. मधल्या एखाद्या आडत्याची टक्केवारी वाचली तर आणखी थोडे. ज्या फळाच्या किमतीत वाहतुकीचा वाटा इतका लहान आहे, ते जवळ पिकल्याने फारसे स्वस्त कसे होणार? किमतीचा मोठा भाग गाडी रस्त्याला लागण्याच्या कितीतरी आधी वेलीवर खर्च झालेला असतो.

तसे पाहिले तर द्राक्ष आपल्या या टापूला मुळीच परके नाही. कन्नडहून वेरूळ, खुलताबाद ओलांडले की दौलताबाद येते. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी तिथे आणली आणि १३४० च्या दशकात इब्न बतूता त्या शहरात येऊन गेला. दौलताबादला द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि वर्षातून दोनदा त्यांचे पीक येते, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवले आहे. मोरोक्कोतून निघून अर्धे जग पाहिलेल्या माणसाला द्राक्षाचे अप्रूप वाटायचे कारण नव्हते. त्याने टिपले ते हे ‘वर्षातून दोनदा’. त्याच्या ओळखीच्या बहुतेक मुलखांत वेल हिवाळ्यात पाने गाळून झोपते, वसंतात फुटते आणि एकदाच फळते. इथे मात्र ती झोपतच नव्हती.

त्याच्याही मागे जायचे तर चरकसंहितेत, कोणत्या गोष्टींत कोणते द्रव्य श्रेष्ठ याची जी लांबलचक गणना आहे, तिच्यात फळांमध्ये मृद्वीकेला, म्हणजे द्राक्षालाच, पहिला मान दिला आहे. कौटिल्याला द्राक्षांच्या मद्याची ओळख होती, पण त्यासाठी तो नावे घेतो ती कपिशा आणि हारहूर अशा वायव्येकडच्या मुलखांची. आपल्या परंपरेत द्राक्षाला मान मोठा, पण त्याचे माहेर थंड आणि कोरड्या हवेतले, ही जाणीवही तितकीच जुनी आहे. पाहुण्याला घरात ठेवून घ्यायचे तर त्याच्या सवयी सांभाळाव्या लागतात. द्राक्षाच्या महागाईला सुरुवात होते ती इथूनच.

न झोपणाऱ्या वेलीला माणसानेच वर्ष आखून द्यावे लागते. म्हणून महाराष्ट्रात दोन छाटण्या होतात. एप्रिलची खरड छाटणी झाली की ओलांड्यावरून, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवरून, नव्या काड्या फुटतात. या काड्यांवरच्या डोळ्यांत, छाटणीनंतरच्या साधारण चाळीस ते साठ दिवसांत, पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार होतात. बाहेरून काहीच दिसत नाही. त्या दिवसांत काडीवर भरपूर ऊन पडले, पाणी बेताचे दिले, फुटींची गर्दी वेळेवर काढली, तर डोळ्यात घड धरतो. नाही तर त्याच जागी नुसती बाळी, म्हणजे ताणा निघतो. मग ऑक्टोबरची गोडी बहार छाटणी. काडी मोजक्या डोळ्यांवर कापायची, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावायची आणि मे-जूनमध्ये आत जे लिहिले गेले होते ते बाहेर येण्याची वाट पाहायची. तिथून काढणीपर्यंत आणखी चार-साडेचार महिने.

इब्न बतूताने पाहिलेल्या दोन पिकांपैकी एक आपल्या बागायतदाराने जाणूनबुजून सोडून दिले आहे. पावसाळ्यात पिकणारे द्राक्ष आंबट, पाणचट आणि रोगट निघते, म्हणून उन्हाळी छाटणीचा उपयोग फक्त काडी तयार करण्यापुरता करायचा आणि फळ घ्यायचे ते हिवाळ्यातच, हे इथल्या द्राक्षशेतीचे मोठे शहाणपण आहे. पण त्यामुळे अर्धे वर्ष वेल केवळ सांभाळायची असते. तिचे पाणी, खत, फवारणी आणि मजुरी चालू राहते आणि त्या सहा महिन्यांत हाती एक रुपयाही येत नाही.

हे सारे शहाणपण एका विश्वासावर उभे होते: ऑक्टोबरच्या मध्यावर पाऊस जातो आणि मग मार्चपर्यंत आकाश स्वच्छ राहते. हा विश्वास अलीकडे वारंवार मोडला. २०१९ मध्ये ऑक्टोबर संपून नोव्हेंबर लागला तरी पाऊस थांबला नाही आणि लवकर छाटलेल्या बागा फुलोऱ्यातच कुजल्या. २०२१ च्या डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत अवेळी पाऊस झाला. २०२३ च्या २६ नोव्हेंबरला निफाड भागात गारपिटीने उभ्या बागा झोडपल्या. डोळे नुकतेच फुटण्याच्या पोंगा अवस्थेत पाऊस आला तर डाऊनी, म्हणजे केवडा रोग येतो. फुलोऱ्यात आला तर गळ आणि कूज होते. मण्यात पाणी उतरल्यावर आला तर मणी तडकतात, आणि तडकलेल्या मण्याला औषध नसते. रात्री पाऊस उघडला की ट्रॅक्टरच्या दिव्यात फवारणीला निघणारे बागायतदार मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे पाहून द्राक्षाचा भाव करण्याची माझी रीत बदलली, हे मी मोकळेपणाने सांगतो.

या भीतीतून छप्पर आले. आपल्याकडे द्राक्षासाठी जे घालतात ते चारी बाजूंनी बंद हरितगृह क्वचितच असते. इंग्रजी वाय (Y) अक्षराच्या आकाराच्या सांगाड्यावर कमानी उभारून वेलींच्या ओळीवर पारदर्शक प्लॅस्टिक ताणायचे आणि बाजू उघड्या ठेवायच्या, असा तो बेत असतो. राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून राज्यात या आच्छादनासाठी जी योजना आली, तिच्यात एकरी खर्च सुमारे ४ लाख ८१ हजार रुपये धरला गेला आणि निम्मे अनुदान ठेवले गेले. हा आकडा गिऱ्हाइकाच्या पिशवीपर्यंत आणून पाहू. प्लॅस्टिक उन्हाने कडक होते, वादळात फाटते, काही वर्षांनी बदलावे लागते. सांगाडा त्याहून जास्त टिकतो. सरासरी पाच वर्षे धरली तर वर्षाला ९६ हजार. एकरी दहा टन चांगला माल निघाला, तर किलोमागे साडेनऊ रुपये झाले. कर्जाचे व्याज, दरवर्षी प्लॅस्टिक चढवण्या-उतरवण्याची मजुरी, फाटलेले शिवणे धरले की हा आकडा चौदा-पंधरावर जातो. आता पूर्ण पॉलिहाऊसचा विचार करा. चौरस मीटरला हजार रुपये धरले तर एकराला चाळीस लाख लागतात. दहा वर्षांवर वाटले तरी वर्षाला चार लाख, म्हणजे किलोमागे चाळीस रुपये नुसते छपराचे. आणि हंगामाच्या भरात नाशिककडे बागेवरचा भावच किलोला तीस रुपयांच्या खाली आल्याची वर्षे आपण पाहिली आहेत. ज्या भावात तिकडचे आख्खे द्राक्ष मिळते, त्यापेक्षा जास्त असे पॉलिहाऊस एकटेच मागते.

एवढे करून छप्पर वेलीचे सगळे प्रश्न सोडवते का? इथे थोडे थांबून पाहायला हवे, कारण विकणारे आणि विकत घेणारे दोघेही या ठिकाणी घाई करतात. पान ओले झाले नाही तर डाऊनी वाढत नाही, हे खरे. त्यामुळे त्यावरच्या फवारण्या निश्चित कमी होतात. पण भुरी या बुरशीला ओल्या पानाची गरज नसते. सावली आणि कोंदट हवा तिच्या सोयीचीच. कोरड्या, उबदार आडोशात फुलकिडे आणि कोळीही वाढतात. पावसाने धुऊन जाणारी धूळ छपराखाली पानांवरच बसून राहते. म्हणजे आजार नाहीसे होत नाहीत, त्यांची जात बदलते, आणि नव्या आजारांसाठी नवे लक्ष लागते. त्याहून मोठी गोष्ट उजेडाची. प्लॅस्टिक कितीही स्वच्छ असले तरी काही ऊन अडवतेच, आणि जुने झाले की अधिक अडवते. मे-जूनमध्ये डोळ्यात घड धरण्यासाठी ऊन लागते, त्या काळात छप्पर गुंडाळून ठेवावे लागते आणि पुन्हा वेळेवर पसरावे लागते. कोणत्या आठवड्यात उघडायचे आणि कोणत्या आठवड्यात झाकायचे, हे ज्याला कळते त्यालाच त्या पावणेपाच लाखांचा उपयोग.

२०२५ ने तर आणखी एक धडा दिला. त्या वर्षी मेमध्येच पाऊस सुरू झाला आणि मान्सूनही नेहमीपेक्षा बराच लवकर येऊन ठेपला. ढग हटलेच नाहीत. काडीवर ऊन पडले नाही, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर अनेक बागांत घड कमी निघाले. पाऊस छपराने अडवता येतो, पण ढगामागचे ऊन कोणत्याही प्लॅस्टिकने खाली आणता येत नाही. त्या बागांत खर्च दर वर्षीएवढाच झाला होता आणि माल मात्र कमी उतरला. दहा टनांवर वाटायचा खर्च पाच टनांवर वाटला गेला की किलोची किंमत आपोआप दुप्पट होते. द्राक्षाची किंमत ठरवताना चांगल्या वर्षाचे उत्पादन धरून चालत नाही. चार-पाच वर्षांतल्या एका फसलेल्या वर्षाचा भार उरलेल्या वर्षांच्या किलोंवर टाकावाच लागतो. व्यापाऱ्याच्या हिशेबात ही तरतूद आधीपासून असते. शेतकऱ्याच्या हिशेबात ती कुणी मान्यच करत नाही.

काचेखाली द्राक्ष पिकवण्याचा इतिहास पाहिला की छपराच्या खर्चाचा हा मुद्दा अधिक उघड होतो. ब्रुसेल्सजवळ हुलार्ट नावाचे गाव आहे. तिथे १८६५ मध्ये फेलिक्स सोही याने द्राक्षासाठी पहिले काचघर उभारले. पुढे त्या गावात आणि शेजारच्या ओव्हरइसे परिसरात इतकी काचघरे झाली की लोक त्याला काचेचे गाव म्हणू लागले. दगडी कोळसा जाळून तिथे ऊब निर्माण करत आणि ऐन थंडीत टपोरी काळी द्राक्षे युरोपच्या श्रीमंत जेवणांना पुरवत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजार खुले झाले, इटलीची उन्हात पिकलेली द्राक्षे आली, नंतर तेल महागले आणि ही काचघरे एकामागून एक ओस पडली. थोडीशी कुटुंबे टिकून राहिली. २००८ मध्ये त्यांच्या द्राक्षाला युरोपीय संघाने भौगोलिक नावाचे संरक्षण दिले. आज ती द्राक्षे महाग आहेत, आणि ज्यांना ती माहीत आहेत ते जाणूनबुजून तेवढे पैसे देतात.

जपानची वाट वेगळी. ओकायामात १८८६ पासून काचघरात मस्कत द्राक्ष पिकवले गेले. इशिकावा प्रांताने काढलेली रुबी रोमन ही जात २००८ मध्ये बाजारात आली. तिचा प्रत्येक मणी किमान २० ग्रॅमचा आणि गोडी किमान १८ टक्के असावी लागते. त्यात न बसणारा घड त्या नावाने विकताच येत नाही. २०२२ च्या हंगामातल्या पहिल्या लिलावात एका घडाला १५ लाख येन मिळाले. लिलावातला तो आकडा प्रतिष्ठेचा असतो, रोजच्या व्यवहारातला नव्हे. पण त्या मागचे तत्त्व घेण्यासारखे आहे. तिथला शेतकरी वेलीवरचे बहुतेक घड काढून टाकतो, उरलेल्यातले मणी हाताने विरळ करतो आणि प्रत्येक घडाला कागदी पिशवी घालतो. कमी पिकवणे हाच त्याचा मोठा खर्च आहे, आणि तो खर्च घेणाऱ्याला मान्य आहे.

बेल्जियममध्ये माणसांनी ऊब विकत घेतली. जपानमध्ये ते निर्दोषपणा विकत घेतात. आपल्याकडे आपण कोरडेपणा विकत घेऊ पाहतो. या तिन्हींत उन्हाला मोल पडत नाही असे एकच ठिकाण आहे, आणि ते आपले. म्हणून मला इथल्या प्रयोगाविषयी आशा वाटते. ऊब निर्माण करायला रोज इंधन जाळावे लागते. पाऊस अडवायला एकदा घातलेले छप्पर काही वर्षे चालते. दक्षिण इटलीत पुलियाच्या बागा असेच प्लॅस्टिक घालून हंगाम पुढे-मागे करतात आणि त्यावर टिकल्या आहेत. म्हणजे गोष्ट मुळातच अशक्य आहे असे नाही.

मग नाशिकला जे स्वस्तात जमते ते कन्नडला का महाग पडते? छपराचा खर्च तर दोन्हीकडे सारखाच. फरक आहे तो शेताभोवतीच्या गोष्टींचा, आणि त्या डोळ्यांना चटकन दिसत नाहीत. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० मध्ये उभा राहिला. मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ चे. त्याच्या कितीतरी आधी शेतकऱ्यांनीच आपल्या बागांतून नव्या जाती निवडल्या. तासगावच्या आरवे यांनी थॉमसनमधून ‘तास-ए-गणेश’ निवडली, सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ आणि ‘शरद सीडलेस’ दिल्या. एका माणसाने वेलीकडे नीट पाहिले आणि हजारो बागांचे उत्पन्न बदलले, हे मराठी शेतीतले मला फार अभिमानाचे वाटणारे पान आहे. निफाडच्या शेतकऱ्याला पान पिवळे दिसले की देठ तपासणारी प्रयोगशाळा जवळ असते, विचारायला शेजारी असतो, छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळ्या असतात, माल थंड करायला पॅकहाऊस असते, घ्यायला व्यापारी बागेवर येतो. यातल्या कशाचेही पूर्ण बिल त्याला एकट्याला येत नाही. ते हजारो एकरांवर पसरलेले असते.

कन्नडच्या एकट्या एकराला यातली प्रत्येक गोष्ट बाहेरून आणावी लागते. डोळे मोजून काडी कापणारा हात, जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात घड नेमक्या वेळी बुडवणारी माणसे, मणी विरळणाऱ्या बाया, यांना नाशिककडून बोलवायचे तर त्यांचा प्रवास, राहणे, जेवण सगळे त्या एका एकरावर. इथल्या माणसांना शिकवावे म्हटले तर दिवाळी झाली की डोंगरकडेच्या तांड्यांतून कामाची माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात, आणि द्राक्षाला हात लागतात ते नेमके त्याच महिन्यांत. मला हा योगायोग फार बोचतो. गावात काम नाही म्हणून माणूस जातो, आणि माणूस नाही म्हणून गावात काम उभे राहत नाही.

पाण्याचेही तसेच. तालुक्यात अंबाडी आहे, शिवना-टाकळी आहे, पण प्रत्येक शिवाराला त्यांचे पाणी नाही, आणि द्राक्ष उन्हाळ्यातही पाणी मागते. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या दुष्काळांत मराठवाड्यात फळबागा टँकरवर जगवाव्या लागल्या, कित्येक तोडाव्या लागल्या. म्हणून बागेआधी शेततळे, शेततळ्याला अस्तर, तळ्यापासून बागेपर्यंत पाइप. छपराचा खर्च डोळ्यांत भरतो. तळ्याचा खर्च जमिनीत गाडलेला असतो, पण तोही त्याच घडात उतरतो.

हे सगळे एकट्याने पेलायचे नसते, याचा दाखला शेजारच्या जालना जिल्ह्यातच आहे. कडवंची हे कोरडवाहू गाव. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने इंडो-जर्मन कार्यक्रमातून १९९६ च्या सुमारास तिथे पाणलोटाचे काम झाले. आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत माती आणि पाणी अडवले गेले, नंतर शेततळी आली आणि त्यांच्या भरवशावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. तो क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. एका गावात बागांची संख्या वाढली की औषधांचे दुकान येते, छाटणारे हात गावातच तयार होतात, व्यापारी बांधावर येतो, आणि पहिल्या शेतकऱ्याने सोसलेला खर्च दहाव्याला सोसावा लागत नाही. पहिल्याची द्राक्षे महाग असतात याचे एक कारण तो पहिला आहे हेच आहे. पुढच्यांच्या शिक्षणाची फी त्याच्या भावात मिळवलेली असते, आणि तिची पावती त्याला कुणी देत नाही.

आता भावाकडे परत वळतो. स्वस्त द्राक्ष स्वस्त का असते, हे विचारल्याशिवाय महाग द्राक्षाचा न्याय होत नाही. उघड्या बागेतला शेतकरी पावसाचा धोका स्वतःच्या अंगावर घेतो. पीकविमा असला तरी तो हवामान केंद्राच्या नोंदीवर चालतो. ढग केंद्रापासून चार किलोमीटरवर फुटला तर कागदावर नुकसान झालेलेच नसते. चांगल्या वर्षी सगळ्यांचाच माल एकदम येतो आणि भाव पडतो, वाईट वर्षी भाव असतो पण माल नसतो. दोन्ही वर्षी आपण गाड्यावर उभे राहून जो भाव देतो, त्यात त्या धोक्याचे पैसे नसतात. ते शेतकऱ्याच्या कर्जात जमा होत राहतात. छप्पर घालणारा माणूस तो धोका पैशात मोजतो आणि भावात मिळवतो, एवढाच फरक. म्हणून त्याचे द्राक्ष मला महागापेक्षा पूर्ण किमतीचे वाटते. दुसरे अर्ध्या किमतीत मिळते, आणि उरलेली अर्धी कुणीतरी कुठेतरी भरत असतो.

याचा अर्थ वाटेल तो भाव मान्य करावा असा होत नाही. छपराखालचे म्हणून आंबट द्राक्ष कुणी गळ्यात मारले तर ते नाकारलेच पाहिजे. पूर्ण किंमत मागणाऱ्याने पूर्ण पिकू द्यावे. द्राक्ष तोडल्यावर गोड होत नाही, आंब्या-केळ्यासारखे ते अढीत पिकत नाही. इथेच जवळच्या बागेचा खरा फायदा आहे, आणि तो पैशाचा नाही. लांब पाठवायचे घड थोडे आधी, साल टणक असताना तोडावे लागतात. तासाभराच्या अंतरावरच्या गिऱ्हाइकासाठी आणखी आठवडाभर वेलीवर ठेवता येतात. त्या आठवड्यात साखर चढते, आंबटपणा उतरतो, साल पातळ होते. ज्याने एकदा असे द्राक्ष खाल्ले त्याला भावातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

कन्नडला कुणी तरुण मला विचारायला आला, काका, करू का, तर मी त्याला एकरभर कर म्हणणार नाही. त्या आच्छादनाच्या योजनेची खालची मर्यादाही वीस गुंठ्यांचीच होती, आणि सुरुवातीला तेवढे पुरे. आधी तळे, मग वेल, दोन हंगाम हात बसू दे, मग छप्पर. आणि पंधरा-वीस क्रेट घेऊन वेरूळच्या रस्त्यावर उभा राहून गिऱ्हाईक शोधणे हा सगळ्यात शेवटचा मार्ग ठेव. वीस गुंठ्यांत पाच टन द्राक्ष धर. पाचशे घरांनी हंगामात दहा-दहा किलो घ्यायचे ठरवले तर बाग रिकामी होते. त्यांच्यासमोर हिशेबाचा कागद ठेव: छपराचे इतके, तळ्याचे इतके, मजुरीचे इतके, फसणाऱ्या वर्षासाठी इतके, माझे इतके. त्यातल्या ज्यांना पटेल त्यांच्याकडून थोडी उचल घे. कन्नड शहर आणि भोवतालची मोठी गावे मिळून अशी पाचशे घरे निघणे अवघड नाही. त्यांच्याकडे जायचे मात्र एप्रिलच्या छाटणीआधी, कारण त्यांच्या फेब्रुवारीतल्या घडाचा निर्णय वेल मे-जूनमध्येच घेऊन टाकते.